ओंजळभर पाणी

बदलीच्या नोकरीने आपल्याला काय दिले, याचा हिशेब मांडू लागले की प्रथम गैरसोयींचीच यादी तयार होते. मुलांच्या मोडलेल्या शाळा, दर तीन वर्षांनी नव्याने शिकावी लागणारी बाजाराची भाषा, गणेशचतुर्थीला जाणवणारे एकटेपण, हे सारे आपणा सर्वांच्या चांगल्या परिचयाचे आहे. परंतु जमेच्या बाजूस एक गोष्ट अशी पडते की, जी गावी राहिलेल्या माणसास सहसा लाभत नाही. परक्याचा धर्म आपल्याला ग्रंथाऐवजी शेजारातून भेटतो. ग्रंथातला धर्म सिद्धांत सांगून थांबतो. शेजारचा धर्म मात्र प्रश्न विचारतो, आणि तोही अशा वेळी की उत्तर टाळून घरात जाता येत नाही. बाप्तिस्म्यावाचून तारण आहे किंवा नाही, हा ख्रिस्ती धर्मातला दीड हजार वर्षांचा वाद माझ्यापुढे असाच शेजारातून आला. तो आला त्या गावाचे नाव पिरियापट्टण.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. जुन्या कानडीत 'पिरिय' म्हणजे थोर, वडील. पुढे कानडीने शब्दारंभीचा 'प' टाकून 'ह' घेतला आणि 'पिरिय'चे 'हिरिय' झाले. पण या गावाने आपल्या नावातला जुना 'प' अजून सोडलेला नाही. गावात मसणिकम्मा देवीचे मोठे प्रस्थ. बेट्टदपूरच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुन, म्हणजे विजेचा मल्लिकार्जुन. तालुक्याच्याच हद्दीत बैलकुप्पे येथे १९६० च्या सुमारास वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. असे नाना देव येथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदतात. शेतकऱ्याचे सारे वर्ष मात्र व्हर्जिनिया तंबाखूभोवती फिरते. एका सरकारी बँकेच्या शाखेत या तंबाखूच्या कर्जांचे काम माझ्याकडे होते. तंबाखू मंडळाकडे ज्याची नोंद आहे आणि ज्याच्या पाने भाजण्याच्या भट्टीस परवाना आहे, त्यालाच लिलावकेंद्रावर माल आणता येतो. बाकीच्यांचा माल नियमाने अडलेला. तथापि अनेक वर्षी असा बिननोंदीचा माल दंड भरून, आणि प्रसंगी दंडही माफ होऊन, विकू देण्याचा हुकूम दिल्लीहून आलेला आहे. केंद्रावरच्या कारकुनास ही सूट देता येत नाही. ज्याने नियम केला त्यालाच ती देता येते. ही साधी गोष्ट पुढे मला वेगळ्याच संदर्भात उपयोगी पडली.

मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत असे, त्या बाई मूळच्या मंगळूरकडच्या कॅथलिक ख्रिस्ती. टिपूने १७८४ साली मंगळूर भागातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांना बंदिवान करून श्रीरंगपट्टणास नेले, त्यांच्या कथा लहानपणी ऐकून त्या वाढलेल्या. घरात कोकणी, बाजारात कानडी असा त्यांचा व्यवहार. माझे मराठी आणि त्यांचे कोकणी यांची दोन-चार दिवसांतच ओळख पटली, आणि नात्यातल्या माणसांनी परमुलखात भेटावे तसे आमचे झाले. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला 'पुता' म्हणत.

मावशींची सून पहिल्या पावसाळ्यात सातव्या महिन्यातच अडली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात तिला नेले. मीही सोबतीला गेलो होतो. रात्री जुळे झाले, एक मुलगी आणि एक मुलगा. दोन्ही जीव इतके लहान की काचेच्या पेटीत ठेवूनही डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. आत कोणाला सोडत नव्हते. मावशी दारापाशी उभ्या राहिल्या आणि तेथल्या परिचारिकेला कानडीत काही सांगू लागल्या. मला वाटले, त्या विनवण्या करीत असतील. प्रत्यक्षात त्या तिला बाप्तिस्म्याचा विधी शिकवीत होत्या. कपाळावर पाणी ओतायचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते असे म्हणायचे, एवढेच. कॅथलिक नियम असा आहे की, प्राणावर बेतले असता कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. देणारा ख्रिस्ती असावा अशीसुद्धा अट नाही. चर्च जे करते तेच करण्याचा हेतू मनात असला म्हणजे पुरे. ती परिचारिका हिंदू होती. तिने मान हलविली, उकळून निवविलेले पाणी चमच्यात घेतले आणि मावशींनी सांगितलेले शब्द अडखळत उच्चारीत ते मुलीच्या कपाळावर सोडले. मग ती मुलाच्या पेटीकडे वळली. तोवर तो गेला होता. उजाडायच्या आत मुलगीही गेली.

दोघांना एकाच लहानशा खड्ड्यात, चर्चच्या दफनभूमीत पुरले. धर्मगुरूंनी दोघांसाठी प्रार्थना म्हटली. ज्या मुलांना बाप्तिस्मा देण्याचा आईबापांचा मनोदय होता पण ती आधीच गेली, त्यांनाही चर्चचा अंत्यविधी मिळू शकतो, असा आताचा नियम आहे. मावशींनी सारे नीट पाहिले. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी मी जिना चढत असता त्यांनी मला थांबविले आणि कोकणीत विचारले ते मराठीत सांगायचे तर एवढेच : ती दोघे एकाच ठिकाणी असतील ना?

फादरांना विचारलेत का, असे मी म्हणालो. विचारले होते. फादरांनी धीर दिला होता, आणि मावशींचा फादरांवर विश्वासही होता. पण त्यांच्या लहानपणी बाप्तिस्म्याविना गेलेले मूल पवित्र केलेल्या भूमीत पुरीत नसत. कुंपणाबाहेर, झाडाखाली पुरीत. त्यांच्या एका धाकट्या भावाला असे पुरलेले त्यांनी पाहिले होते. म्हणूनच त्यांच्या आजीने घरातल्या प्रत्येक मुलीला ते शब्द पाठ करविले होते. आता नियम बदलला म्हणतात. 'तेव्हाचा देव निराळा होता का?' असे त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट पाहत माझ्याकडे पाहत राहिल्या.

बँकेच्या साहेबाला हे विचारण्याचे कारण मला पुढे कळले. जो आपल्या धर्माचा नाही तो आपल्याला बरे वाटावे म्हणून काही सांगणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा मी मिळतील ती पुस्तके आणून वाचू लागलो.

वादाचे मूळ शुभवर्तमानातच आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात रात्री भेटीस आलेल्या निकदेमास येशू सांगतो की, पाणी आणि आत्मा यांनी जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मार्काच्या अखेरीस विश्वास आणि बाप्तिस्मा या दोहोंना तारणाचे आश्वासन आहे, पण दंड सांगताना केवळ अविश्वासाचाच उल्लेख आहे, पाण्याचा नाही. आणि लूकच्या वृत्तांतात वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्यावाचून त्याच दिवशी स्वर्गाचे वचन मिळते. पौलाने तर आपण करिंथात कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला ते बोटांवर मोजून, आपल्याला पाठविले ते त्या कामासाठी नव्हे, असे लिहून ठेवले आहे. एकाच ग्रंथातले हे चार धागे हाती घेऊन पुढच्या पिढ्यांनी निरनिराळी वस्त्रे विणली.

चौथ्या शतकातील दोन नावे येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. मिलानचा बिशप अँब्रोज याने ३८७ साली ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला असता त्याला बाप्तिस्मा द्यायचे ठरले होते. पण तो बरा झाला आणि बाप्तिस्मा लांबणीवर पडला, तो थेट बत्तिसाव्या वर्षापर्यंत. पुढे याच ऑगस्टीनने शिकविले की, आदामाचे पाप प्रत्येक अर्भक जन्मतःच घेऊन येते, आणि म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेले अर्भकही दंडास पात्र होते, मग तो दंड कितीही सौम्य असो. उलटपक्षी ३९२ साली दुसरा व्हॅलेंटिनियन हा तरुण बादशहा बाप्तिस्म्याची इच्छा धरून, पण तो घेण्याआधीच मृत्यू पावला. तेव्हा त्याच्या शोकाकुल बहिणींपुढे अंत्यभाषण करताना अँब्रोजने सांगितले की, त्याने जे मागितले होते ते त्याला मिळाले आहे. पाणी देणाऱ्याने इच्छा पुरेशी मानली; पाणी घेणाऱ्याने अर्भकालाही सूट दिली नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्र पुढे शतकानुशतके या दोघांमध्ये येरझारा घालीत राहिले.

मध्ययुगीन पंडितांनी ऑगस्टीनचा कठोरपणा बोथट करण्यासाठी 'लिंबो' कल्पिला. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ काठ, किनार. तेथे यातना नाहीत, पण देवाचे दर्शनही नाही. मावशींच्या लहानपणी शिकविला जाई तो हाच. दफनभूमीचे कुंपण ही जणू त्याचीच पृथ्वीवरची रेघ होती. हा लिंबो चर्चने कधीही सक्तीचा सिद्धांत म्हणून घोषित केला नाही. पण सामान्य माणसाला सिद्धांत आणि रूढ शिकवण यांतला भेद कोण समजावून सांगणार?

या शिकवणीची झळ केवळ अर्भकांना लागली असे नाही. १५४२ साली गोव्यास उतरलेला आणि आज गोव्यातच विसावलेला फ्रान्सिस झेवियर पुढे जपानला गेला. तेथून परतल्यावर १५५२ साली त्याने युरोपास लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे की, नवे जपानी ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांना आता काही गती नाही हे ऐकून रडतात, आणि त्यांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते. तथापि उत्तर बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटले नाही. तो केंद्रावरचा प्रामाणिक कारकून होता.

सूट पुढे वरूनच आली, आणि हळूहळू आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मान्य केले की, ज्यांच्यापर्यंत स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान पोहोचले नाही, पण जे मनोभावे देवाचा शोध घेतात, त्यांना तारण मिळू शकते. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना देवाच्या दयेवर सोपविले. तारण बाप्तिस्म्याशी देवाने जोडले असले तरी देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधला गेलेला नाही, हा विचारही त्यात आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने याच एका प्रश्नावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की, अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे; निश्चित ज्ञान मात्र नाही.

मी मावशींना हे सांगितले तेव्हा त्या शेवटच्या वाक्यावरच अडल्या. आशा तर मी न वाचताही धरली असती, असे त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्यांनी स्वतःशीच बोलावे तसे म्हटले की, मी दारातून दोघांसाठी पाणी मागितले होते, एकासाठी नव्हते मागितले.

या वाक्याने मी चकित झालो, कारण नेमके हेच पूर्वी एकाने लिहिले होते. कार्डिनल कायेतान, जन्म १४६९, मृत्यू १५३४, हा आपल्या काळचा श्रेष्ठ पंडित. जे मूल पाण्यापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याच्यासाठी आईबापांची इच्छाच बाप्तिस्म्याच्या जागी धरली जावी, असे मत त्याने मांडले. ते मत पुढे पोप पाचवा पायस याच्या आज्ञेने त्याच्या ग्रंथातून काढून टाकण्यात आले. पिरियापट्टणच्या एका म्हातारीने कायेतानचे नावही ऐकलेले नव्हते. पण त्याच्या पुस्तकातले गाळलेले पान तिला आपसूक वाचता आले होते. मी तिला तसे सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाचे पुस्तक कापले याचे तिला वाईट वाटले. पुन्हा तिने तो प्रश्न मला विचारला नाही.

आपल्या परंपरेकडे वळून पाहता एक विलक्षण साम्य आणि तितकाच मोठा विरोध दिसतो. मनुस्मृतीने दोन वर्षांच्या आतील मृत बालकास अग्निसंस्कार सांगितला नाही, आणि त्याला उदकदानही करू नये असे म्हटले आहे. म्हणजे तेथेही पाणी नाही. पण अशा बालकाला गती नाही, असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. मरणाऱ्याच्या मुखात आपण गंगाजल घालतो. परंतु आगगाडीत अकस्मात गेलेल्या माणसाला ते मिळाले नाही म्हणून त्याची वाट अडली, असेही आपण मानीत नाही. विधीची उणीव भासते ती मागे राहिलेल्यांना. ख्रिस्ती परंपरेत वाद एवढा तीव्र झाला त्याचे कारण पाण्यात नाही. अर्भक जन्मतः ऋणी आहे काय, या प्रश्नात ते आहे. पूर्वेकडील सनातनी चर्चने आदामाकडून मृत्यू वारसाने येतो असे मानले, अपराध येतो असे मानले नाही. म्हणून तिकडे लिंबोची गरजच पडली नाही.

येथवर ज्यांना पाणी मिळणे शक्यच नव्हते त्यांचा विचार झाला. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न निराळ्या अंगाने उभा राहिला. आपल्याकडे पाणी समोर होते. ते घेतले की घर सुटत होते.

बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनाने ख्रिस्ती झाल्यावरही घर, जात आणि आईबाप यांच्यापासून तुटण्याच्या कल्पनेने हा तरुण किती तळमळला, ते 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या बाबतीत विश्वास आधी आणि पाणी नंतर. पंडिता रमाबाईंचा क्रम उलटा. त्यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला, आणि बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे. परंतु आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला तो पुढे सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी आपल्या साक्षीत स्पष्ट लिहिले. म्हणजे पाण्याने तारणाची खात्री दिलीच, असे त्यांच्या अनुभवास आले नाही. प्रॉटेस्टंटांतील काही पंथ तर याही पुढे गेले. क्वेकरांनी पाणी सोडलेच. साल्व्हेशन आर्मीनेही १८८३ पासून बाप्तिस्म्याचा विधी बंद केला. अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथील त्यांचे इव्हँजेलिन बूथ रुग्णालय पाहिलेल्या कोणासही ही मंडळी ख्रिस्ती नाहीत असे म्हणण्याचे धैर्य होणार नाही.

पण या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडले ते नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या पाण्याचे मोल काय पडले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'नी मराठी घराघरांत पोहोचविले आहे : पतिपत्नींचा वर्षानुवर्षांचा वियोग, लोकांची बोलणी, मुलाची ओढाताण. लक्ष्मीबाई पुढे आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्याने पाण्याची अशी किंमत मोजली त्याने इतरांकडूनही ती वसूल करावी, हे मनुष्यस्वभावास धरून झाले असते. टिळकांनी नेमके उलट केले. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. दरबारास पुरती दोन वर्षेही त्यांचा सहवास लाभला नाही.

टिळकांच्या या कृतीचा मी पुष्कळ विचार केला. आपला बाप्तिस्मा निरर्थक होता असे त्यांना वाटले असते तर ते स्वगृही परतले असते. ते परतले नाहीत. तो सर्वांना आवश्यक आहे असे वाटले असते तर दरबाराचे दार त्यांनी अर्धेच उघडले असते. तसेही त्यांनी केले नाही. मला यातून दिसते ते असे. बाप्तिस्मा हे माणसाने दिलेले उत्तर आहे. ज्याला हाक ऐकू आली आणि ज्याची जीभ मोकळी आहे, त्याने उत्तर देणे उचित. त्याच्यापुरते ते आवश्यकही म्हणता येईल, आणि त्यापायी घरदार सोडणाऱ्याला 'पाण्याने काय होते' असे हिणविण्याचा अधिकार आपणा हिंदूंनाही नाही. परंतु ज्याची जीभ अजून फुटलेली नाही, किंवा ज्याच्या तोंडावर घरच्यांच्या प्रेमाचाच हात आहे, त्याचे उत्तर ऐकू आले नाही म्हणून ते दिलेच गेले नाही, असे दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी ठरवू नये.

आपण सारे नोंदवह्यांत आयुष्य घालविणारी माणसे. ज्याची नोंद नाही त्याला हक्क नाही, हे आपल्या हाडींमासीं खिळलेले असते, आणि राज्य चालवायचे तर ते तसे असावेही लागते. त्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मुलीचे नाव आहे. मुलाचे नाव त्या वहीत नाही, कारण न झालेल्या संस्काराची नोंद करता येत नाही, आणि धर्मगुरूंनी ती खोटी केली नाही याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. वही खरी आहे. पण ती लिहिणाऱ्याला जेवढे दिसले तेवढेच तिच्यात आहे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?